दूधसंस्थेचा नोकरवर्ग : शिक्षणावरील खर्च व त्याची परतफेड

पहाटे साडेपाचच्या सुमारास गावच्या दूधसंस्थेच्या दाराशी किटल्यांची रांग लागते. कोणी दोन लिटर दूध घेऊन येतो, कोणी दहा. माप होते, नमुन्याची बाटली भरली जाते, वहीत किंवा संगणकावर आकडा चढतो आणि शेतकरी रिकामी किटली घेऊन घरी परततो. हे सारे काम एका घरामागे मिनिटभरात उरकते. परंतु त्या मिनिटभरात त्या कुटुंबाच्या दिवसभराच्या कष्टांची किंमत ठरत असते; आणि ती ठरविणारी माणसे दोन, एक दूध तपासनीस व दुसरा संस्थेचा चिटणीस.

या दोघांच्या नेमणुकीच्या वेळी व्यवस्थापक मंडळात जी चर्चा होते ती बहुधा पगाराविषयी असते. मुलगा गावचा आहे, बारावी झालेला आहे, थोडक्या पगारात तयार आहे, एवढ्यावर ठराव मंजूर होतो. तो काम शिकतो ते जुन्या माणसाचे पाहून पाहून. जुन्याने जे चुकीचे केले असेल तेही तो तितक्याच निष्ठेने उचलतो. पुढे केव्हातरी संघाकडून प्रशिक्षणवर्गाचे पत्र येते. ते फाइलला लावले जाते. कारण माणूस गेला तर सकाळचे दूध कोण घेणार, आणि शिवाय प्रवासखर्च, भत्ता, वर्गाची फी हे सगळे संस्थेच्या माथी. शिक्षणाचा हा खर्च जमाखर्चात ठळकपणे दिसतो. न शिकलेल्या माणसामुळे जे जाते ते मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही. व्यवस्थापक मंडळाने खरा विचार करावयाचा तो या न दिसणाऱ्या आकड्याचा.

एका बाटलीतील हिशेब

स्निग्धांश, म्हणजे बोलण्यात ज्याला फॅट म्हणतात तो, दुधातील पाण्याहून हलका असतो. त्यामुळे किटलीतील दूध थोडा वेळ स्थिर राहिले की तो वर चढू लागतो. अशा दुधातून वरवरचा नमुना घेतला तर फॅट जास्त लागते व संस्था बुडते. तळाचा घेतला तर कमी लागते व शेतकरी बुडतो. उपाय अगदी साधा आहे. नमुना घेण्यापूर्वी दूध वरून खाली व खालून वर असे नीट ढवळावे. याला दहा सेकंद लागतात. रांग मोठी असली आणि संघाचा टेम्पो येण्याची वेळ झाली असली, की पहिली काट बसते ती या दहा सेकंदांना.

पुढची पायरी तपासणीची. गर्बर पद्धतीत प्रत्येक गोष्टीला माप आहे. काचेच्या नळीत प्रथम १० मिलिलिटर गंधकाम्ल, मग नळीच्या कडेने हळूहळू सोडलेले १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून नीट हलविणे. यंत्रात मिनिटास सुमारे १,१०० फेऱ्यांच्या वेगाने चार-पाच मिनिटे फिरविणे. आणि ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटे ठेवून मग आकडा वाचणे. आम्ल अधिक तीव्र असले तर स्निग्धांश करपून काळपट होतो. सौम्य असले तर पांढरे कण शिल्लक राहतात. दोन्ही प्रकारांत आकडा खोटा येतो. असा काळपट थर दिसताच जो थांबतो व आम्लाची बाटली तपासतो तो शिकलेला माणूस. जो डोळे किलकिले करून अंदाजाने आकडा सांगतो तोही प्रामाणिक असू शकतो, पण त्याच्या प्रामाणिकपणाचा सभासदांना काही उपयोग होत नाही. आम्ल हाताळण्याची रीत ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातापायांवर भाजल्याचे डाग राहतात, ही गोष्ट निराळीच.

या चुकीची किंमत किती, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, एखाद्या संस्थेत म्हशीचे दूध रोज ४०० लिटर येते. एका लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो, म्हणजे हे दूध ४१२ किलो झाले. तपासनिसाच्या सवयीमुळे फॅट खऱ्यापेक्षा सरासरी ०.२ ने जास्त लागत असेल, तर संस्था रोज सुमारे ८२४ ग्रॅम अशा स्निग्धांशाचे पैसे देते की जो दुधात मुळी नाहीच. संघाच्या प्रयोगशाळेत तो सापडत नाही व त्याचे पैसेही मिळत नाहीत. वर्षाला हा आकडा ३०० किलोंवर जातो. ७ फॅटच्या दुधात मोजला तर तो चार हजार लिटरांहून अधिक दुधाचा स्निग्धांश होतो; म्हणजे संस्थेच्या दहा दिवसांच्या संपूर्ण संकलनाचा! चूक उलट बाजूची असेल तर तेवढाच स्निग्धांश सभासदांनी फुकट घातला असे होते. दुधाची किंमत फॅटबरोबर स्निग्धेतर घनपदार्थांवरही ठरत असल्याने प्रत्यक्ष हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा असतो. परंतु नुकसानीचा अंदाज येण्यास एवढे पुरे. या आकड्याशेजारी प्रशिक्षणाची फी व एस.टी.चे भाडे मांडून पाहावे.

आता पुष्कळ संस्थांत आम्लाच्या नळ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक तपासणी यंत्राने घेतली आहे. यंत्राच्या पडद्यावर आकडा आपोआप उमटतो, म्हणून शिक्षणाची गरज संपली असे काही मंडळांना वाटते. वस्तुतः ती वाढली आहे. यंत्राच्या आतील नळीत दुधाचा थर बसतो. ती रोज ठरल्या रीतीने धुवावी लागते. यंत्राचा आकडा ठरावीक मुदतीने गर्बरच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. चुकणारा माणूस एखाद्या बाटलीत चुकतो. बिघडलेले यंत्र सर्वांच्याच बाटल्यांत चुकते, आणि आकडा छापील असल्यामुळे त्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

चिटणिसाची नजर

तपासनिसाचे शिक्षण हे हाताचे व डोळ्यांचे असते. चिटणिसाचे शिक्षण निराळे. त्याला रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद आले पाहिजेत हे खरेच. पण तेवढ्याने तो चांगला कारकून होतो, व्यवस्थापक होत नाही. व्यवस्थापकाचे कौशल्य म्हणजे लिहिलेल्या आकड्यांकडे पाहून वेळीच प्रश्न विचारण्याची सवय.

दररोज गावातून दूध आले किती, गावात किरकोळ विकले किती, संघाकडे गेले किती आणि तूट किती, या चार आकड्यांची मिळवणी रोजच्या रोज घातली तर गळती कोठे आहे ते दोन दिवसांत कळते. महिन्याच्या शेवटी घातली तर केवळ भांडण होते. कित्येक संस्थांत सभासदांचे दूध लिटरने मोजले जाते व संघ किलोने घेतो. लिटरचे किलो करताना तो १.०३ चा फरक लक्षात न घेणारा चिटणीस ४०० लिटरमागे १२ किलोंचा घोटाळा करून बसतो व मग तूट नाही असे समजून निश्चिंत राहतो. पशुखाद्याच्या उधारीचेही तसेच. बिलातून कपात वेळेवर झाली नाही तर दोन-तीन बिलांनंतर ती उधारी वसूल होण्यासारखी राहत नाही, आणि मग दिवाळीच्या दरफरकाच्या वेळी सभासदाला तोंड देणे अवघड जाते.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. एखाद्या सभासदाचे दूध चार दिवसांत आठ लिटरांवरून पाचावर आले, तर वहीत केवळ आठाच्या जागी पाच लिहिले जाते. शिकलेला चिटणीस त्या पाचाकडे पाहून थबकतो. जनावर आजारी आहे काय? वैरण संपली काय? की दूध दुसऱ्या केंद्रावर जाऊ लागले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्याकडे आहे, दुसऱ्याचे ग्रामसेवकाच्या किंवा कृषी सहायकाच्या मदतीने शोधता येईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र संस्थेने स्वतःच्या कारभारात शोधावयाचे आहे. सभासद सहसा भांडत नाही. फॅट एकदा कमी लागली तर तो गप्प राहतो, दुसऱ्यांदा शेजाऱ्याशी बोलतो, आणि तिसऱ्यांदा त्याची किटली रांगेत दिसत नाही. संस्था बंद पडते ती एखाद्या मोठ्या अपहारानेच असे नाही. एकेक किटली कमी होत होत वाहतुकीचा व पगाराचा खर्च निघेनासा होतो आणि मग दाराला कुलूप लागते. त्यानंतर गावातल्या दुधाला भाव कोण देणार व किती देणार, हे ठरविणे गावाच्या हाती राहत नाही.

तारापूर येथील प्रयोग

शिक्षणावरील खर्च भरून निघतो हे मोजून दाखविणे कठीण असते. जी संस्था आपल्या माणसांना शिकविते ती बहुधा मुळातच चांगली चाललेली असते. तेव्हा यश शिक्षणाचे की मूळच्या चांगल्या कारभाराचे, असा वाद राहतोच. ही अडचण दूर ठेवून केलेला एक प्रयोग दूधधंद्यातला नसला तरी महाराष्ट्रात घडलेला आहे, म्हणून तो येथे सांगण्याजोगा वाटतो.

मुंबईच्या उत्तरेस तारापूर व त्यापलीकडे गुजरातेतील उमरगाव येथे कापड विणण्याचे अनेक कारखाने आहेत. त्यांतील १७ कंपन्यांचे २८ कारखाने निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी इत्यादी अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी घेतले. काम २००८ साली सुरू झाले. चिठ्ठ्या टाकून निवडावे त्याप्रमाणे कारखान्यांचे गट पाडण्यात आले. एका गटाला जाणकार सल्लागारांकडून एक महिन्याची पाहणी व पुढे चार महिने प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळाले. दुसऱ्या गटाची केवळ पाहणी झाली.

मार्गदर्शनात नवी यंत्रे नव्हती, नवे भांडवल नव्हते. शिकविले ते असे : माग बंद पडला की केव्हा, किती वेळ व कशामुळे हे लिहून ठेवावे, कापडातील दोष प्रकारवार नोंदवावेत आणि त्या नोंदी घेऊन रोज थोडा वेळ एकत्र बसावे, यंत्र मोडण्याची वाट न पाहता ठरल्या दिवशी त्याची देखभाल करावी, सुताचा साठा रंग व प्रकार यांप्रमाणे लावून त्यावर चिठ्ठी चिकटवावी, जमीन स्वच्छ व हत्यारे जागच्या जागी ठेवावीत. अशा ३८ गोष्टींची यादी होती. घरातील जाणत्या बाईला यांतील बहुतेक गोष्टी सांगाव्या लागल्या नसत्या! तरीही प्रयोगापूर्वी कारखान्यांत त्यांपैकी जेमतेम चतुर्थांश पाळल्या जात होत्या.

पहिल्याच वर्षात मार्गदर्शन मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. कापडातील दोष घटले, पडून राहणारा साठा कमी झाला. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी आणखी कारखाने उघडले. या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. फायद्याच्या असूनही या गोष्टी मालकांनी पूर्वी का केल्या नाहीत, याचे त्यात सापडलेले मुख्य कारण फार बोलके आहे. पैसा नव्हता असे नाही. त्यांतील काही गोष्टी मालकांना ठाऊकच नव्हत्या, आणि ज्या ठाऊक होत्या त्यांचा आपल्याला उपयोग होईल असे त्यांना वाटत नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात आढळली. कंपनी किती मोठी व्हावयाची हे चांगल्या व्यवस्थापनापेक्षाही मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर अधिक अवलंबून होते. कारण विश्वासाने काम सोपवावयाचे ते घरच्याच माणसावर. दूधसंस्थेतही किल्ल्या, कॅशपेटी व निर्णय हे तिन्ही एका चेअरमनच्या हाती असतात तेव्हा यापेक्षा निराळे काही घडत नाही.

हेच अर्थशास्त्रज्ञ सुमारे नऊ वर्षांनी पुन्हा त्या कारखान्यांत गेले. शिकविलेल्या गोष्टींपैकी जवळजवळ निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या. शिकलेले व्यवस्थापक नोकरी सोडून गेले होते, किंवा मालकांना लक्ष देण्यास वेळ उरला नव्हता. तरीही हे कारखाने ज्यांना मार्गदर्शन मिळाले नव्हते त्यांच्या पुढेच होते. काही कंपन्यांनी शिकलेल्या गोष्टी आपल्या दुसऱ्या कारखान्यांतही नेल्या होत्या. शिक्षण हे भांडवल असले तरी ते विहिरीसारखे आहे. गाळ काढला नाही तर पाणी आटते.

आणंदचा दाखला

तारापूरच्या मालकांना जे पटण्यास सल्लागार यावे लागले ते गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांना त्यापूर्वी साठ वर्षे उमगलेले होते. दुधाच्या भावासाठी त्यांनी १९४६ साली पंधरा दिवसांचा संप केला व त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी जिल्ह्याचा सहकारी दूध संघ नोंदविला. सुरुवात दोन गावसंस्था व रोजचे सुमारे २५० लिटर दूध एवढ्यावर झाली. त्रिभुवनदास पटेल हे संघाचे अध्यक्ष. त्यांच्यापाशी लोकांचा विश्वास होता, चिकाटी होती. यंत्रे मात्र जुनी, वारंवार बिघडणारी. आणि ती जाणणारा माणूस जवळ नव्हता.

त्याच सुमारास वर्गीज कुरियन हा केरळचा तरुण अभियंता सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत दुग्धअभियांत्रिकी शिकून परतला होता. हा विषय त्याने आवडीने घेतला नव्हता. शिष्यवृत्ती त्या विषयाची होती म्हणून घेतला. करारान्वये सरकारने त्याला आणंदच्या सरकारी क्रीमरीत पाठविले. १३ मे १९४९ रोजी तो तेथे पोचला आणि केव्हा सुटका होते याची वाट पाहू लागला. मधल्या काळात शेजारच्या संघाची यंत्रे दुरुस्त करून देणे एवढाच त्याचा त्या शेतकऱ्यांशी संबंध. मुदत संपल्यावर तो निघाला असता त्रिभुवनदासांनी त्याला थांबवून घेतले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. कुरियन यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी, म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना, ती करून दाखविली आणि १९५५ साली आणंदला तिचा कारखाना उभा राहिला.

या कथेत कुरियन यांच्या कर्तबगारीइतकाच त्रिभुवनदासांच्या वागण्याचा भाग महत्त्वाचा आहे. धोरण शेतकऱ्यांनी निवडलेल्या मंडळाने ठरवावे, रोजचा कारभार शिकलेल्या नोकरवर्गाने करावा आणि त्यात मंडळाने हात घालू नये, ही मर्यादा त्यांनी पाळली. शिकलेला माणूस आणणे सोपे आहे. त्याला त्याचे काम करू देणे अवघड आहे, आणि पुष्कळ संस्था नेमक्या येथेच फसतात.

१९६४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी खेडा जिल्ह्यातील अजरपुरा गावी एक रात्र मुक्काम केला व शेतकऱ्यांशी बोलून हा संघ का चालतो ते समजून घेतले. १९६५ साली आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले व १९७० साली ‘दुधाचा महापूर’ या नावाने ओळखली जाणारी योजना सुरू झाली. तिच्यात नव्या जिल्ह्यात प्रथम पाठविले जात ते पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ, हिशेबनीस वगैरेंचे एक पथक. ते गावोगाव राहून संस्था उभारी. आणि त्याच्या बरोबरीने त्या जिल्ह्यातील माणसांचे दुसरे पथक काम करीत शिके. पहिले पथक निघून गेले की दुसरे पथक कारभार हाती घेई. शेतकऱ्यांनाही आणंदला नेऊन संघाचे काम प्रत्यक्ष दाखविले जाई. १९७९ साली आणंदलाच ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली, आणि २०२५ साली तिच्याच आवारात त्रिभुवनदासांच्या नावाचे सहकार विद्यापीठ स्थापन झाले.

महाराष्ट्रातही ही जाणीव जुनी आहे. सहकाराच्या शिक्षणासाठी १९१८ साली मुंबईत निघालेल्या संस्थेची परंपरा आजचा राज्य सहकारी संघ चालवीत आहे, आणि वैकुंठभाई मेहता यांच्या नावाची राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था १९६७ पासून पुण्यात आहे. दूधधंद्यात गोठ्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात व सभासदत्व मात्र पुरुषांच्या नावे असते, ही विसंगती ध्यानी घेऊन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९९५ च्या सुमारास स्त्रियांना सहकारी नेतृत्वाचे शिक्षण देण्याचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्यात प्रारंभीच्या जिल्ह्यांत कोल्हापूर होते. गोव्याचाही त्यात समावेश होता. जिचे हात धारेला बसतात तिला फॅटचा कागद वाचता आला, तर तपासनिसाच्या कामावर याहून चांगली देखरेख कोणती?

मंडळाच्या शंका

व्यवस्थापक मंडळांच्या बोलण्यात एक शंका नेहमी येते. आपण खर्च करून माणूस शिकवावा आणि त्याने जास्त पगारावर दुसरीकडे जावे, मग आपल्या हाती काय? शंका खोटी नाही. तारापूरलाही तेच घडले. पण मंडळाने उलट बाजूही पाहावी. न शिकलेला माणूस कोठेच जात नाही, तो वीस वर्षे संस्थेतच राहतो; वर जी दहा दिवसांच्या दुधाची गोष्ट सांगितली ती मग वीस वेळा घडते. एकाऐवजी दोघांना तयार करणे, शिकून आलेल्याने आपले काम लिहून भिंतीवर लावणे आणि शिक्षणानंतर पगारात थोडी तरी वाढ देणे, हे उपाय संस्थेच्या आवाक्यातले आहेत. वाढ न देता केवळ करारपत्र लिहून घेण्याचा मार्ग काही ठिकाणी अवलंबिला जातो. त्याने माणूस राहतो, मन राहत नाही.

दुसरी अडचण मंडळ स्वतः उच्चारीत नाही, कारण ती त्याच्याविषयीच असते. वर्गाहून आलेला तपासनीस म्हणतो की सर्वांचे दूध ढवळूनच नमुना घेणार. आणि त्याच दिवशी एखादा संचालक रांग सोडून पुढे येतो व बाटली स्वतः भरून देतो. चिटणीस रोजची मिळवणी मांडतो आणि चेअरमन म्हणतात, ‘‘एवढी वर्षे चालले, आता हे कशाला?’’ अशा ठिकाणी शिक्षणावर खर्च केलेला पैसा पंधरा दिवसांत वाया जातो. म्हणूनच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली जे कलम २४ अ घालण्यात आले, त्यात सभासद व नोकर यांच्याबरोबर समितीच्या सदस्यांनाही प्रशिक्षण घेण्यास सांगितले आहे व संस्थांनी शिक्षणनिधीस दरवर्षी वर्गणी द्यावयाची आहे. वर्गणी तर जातेच. तिच्या मोबदल्यात मिळणारे शिक्षण घेतले जाते की केवळ पावती फाइलला लागते, हे ज्या त्या संस्थेने पाहावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला या बाबतीत करता येण्याजोगे पुष्कळ आहे. वर्गाचे पत्र आले की नाही, हे त्याने संस्थेत बसून विचारावे. माणूस पाठविण्यास योग्य काळ उन्हाळ्याचा. त्या दिवसांत दूध घटलेले असते व एका माणसाचे काम दुसऱ्याला उरकता येते. पुष्टकाळात, म्हणजे म्हशींच्या विण्याचा हंगाम झाल्यानंतरच्या थंडीच्या दिवसांत, तपासनिसाला हलविणे कोणालाच परवडणार नाही. जवळच्या मोठ्या संस्थेचा तपासनीस आठवडाभर उसना मिळतो का, याची चौकशी आधी करून ठेवावी. माणूस जाण्यापूर्वीच्या महिन्यातील तुटीचे व संघाच्या फॅटशी आलेल्या फरकाचे आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत व परतल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा काढावेत. मंडळाला पटविण्यास हा एक कागद पुरेसा होतो. आणि फरक पडलेला नसेल तर तो का पडला नाही याची विचारपूसही त्या कागदावरूनच सुरू करता येते.

वर्गाहून परतलेल्या तपासनिसाला पहिल्याच मासिक सभेत सर्वांसमोर गर्बरची तपासणी करून दाखविण्यास सांगावे. त्या दिवशी सकाळी दूध घातलेल्यांपैकी कोणीही उठून आपल्या दुधाची बाटली पुढे करावी, आणि नळीवरचा आकडा तपासनिसाने नव्हे, तर त्या सभासदाने स्वतः वाचावा.